आखूड दांड्याची निवड

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही – माझ्या यजमानांपाशीही नाही. लिहायला मी फार उशिरा बसले, आणि बसल्यावरही एवढे एक टाळून बाकी सारे लिहीत राहिले.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. जव्हारला आमचे भांड्यांचे दुकान होते, मी शाळेत विज्ञान शिकवत असे. यांनी हौसेने एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती – लाल, दोन दारांची, जमिनीलगत बसलेली. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी आम्ही साखरशेत गावाच्या बाजूला जात असू. धुक्यात रस्ता गाडीपुढे थोडाथोडाच उमटे आणि मागे विरून जाई. माणसे आधी ऐकू येत, मग दिसत. आपण चाललो आहोत की तरंगतो आहोत, हे मला कळत नसे. स्टिअरिंगवर माझी धाकटी नणंद शैला, शेजारी हे, आणि मागच्या अरुंद सीटवर गुडघे दुमडून मी.

शैला खोडाळ्याच्या शाळेत शिक्षिका होती. रोज जीपमध्ये चेंगरून जाई, कधी मागे लटकून. हात बसला की शाळेला हीच गाडी ने, असे यांनी तिला कबूल केले होते. लहानपणी मोडलेले तिचे डावे मनगट वाकडेच जुळले होते. त्यात जोर नव्हता. पण त्या गाडीचा गिअरचा दांडा लांब आणि हलका होता. ती तो खांद्यापासून ओढी, आणि गिअर पडे.

"वहिनी, झोपू नका हं. मी ओढ्यात घातली तर साक्षीला कोण?"

"आधी क्लच तर सोड, मग ओढा शोध," हे म्हणत.

दोघे हसत. मीही हसे. पण – कसे सांगू? – ती पुढची जागा मला हवी होती. मलाही शिकवा, एवढे म्हणणे मला कधी जमले नाही. न मागता मिळावे, असे वाटत राहिले. आणि न मिळाल्याचा राग मी कोणावर धरला? जिने माझे काहीच घेतले नव्हते, तिच्यावर.

यांना तो लांब दांडा घाटात नकोसा होई. गिअर मागे घेताना हात पार सीटला लागे. नाशिकच्या एका गॅरेजमध्ये दोन आखूड दांडे मिळाले. मेस्त्रीने दोन्ही आळीपाळीने टेबलावरच्या गिअरबॉक्सला बसवून दाखवले. मी हलवून पाहिले. पहिला थोडाच आखूड, जवळजवळ जुन्यासारखा हलका. दुसरा फारच आखूड – बोटभर सरकला की गिअर पडे, पण तेवढ्यासाठी मनगट आवळून जोर लावावा लागे. तरफेचा दांडा आखूड केला की बळ जास्त लागते. दरवर्षी मी फळ्यावर आकृती काढून मुलांना हेच समजावत होते.

"तू सायन्सवाली, तूच सांग," हे म्हणाले. "शैलाच्या हाताला जड नाही ना जाणार?"

"उलट हलका पडेल," मी दुसऱ्यावर हात ठेवत म्हटले. "हात कमी हलवायचाय ना."

हे मी चुकून म्हटले नव्हते. मी जाणूनबुजून खोटे बोलले.

पुढच्याच रविवारी शैलाला दुसरा गिअर पडेना. दोन्ही हातांनी ओढू गेली, स्टिअरिंग सुटले, गाडी नागलीच्या रिकाम्या शेतात उतरली. कोणाला लागले नाही. जुना दांडा परत बसवू का, असे यांनी मला एकटीला विचारले. "होईल सवय," मी म्हटले – म्हणजे दुसऱ्यांदा खोटे. काही आठवड्यांनी तिनेच किल्ली यांच्या हातावर ठेवली. "दादा, आता वहिनीला शिकव."

मी शिकले. ती मात्र नोकरीभर जीपनेच गेली.

पुष्कळ वर्षांनी, भाजी निवडता निवडता, तिने मला सहज विचारले, "तुम्हाला किती पटकन जमलं, वहिनी. माझंच काही चुकत होतं का?"

तेव्हा आम्ही दोघीच होतो. मला सांगता आले असते.

"सगळ्यांनाच जमतं असं नाही," मी म्हटले.

तिने मान डोलावली. तिला ते पटले होते.