दुसरीतून पहिलीत गेलेली मुलगी

"ही मुलगी दुसरीतून पहिलीत कशी काय गेली?" ॲडमिशनच्या खिडकीतून सावंत सरांनी विचारलं. "आणि पहिलीतून थेट सहामाही?"

खिडकीबाहेर मी, ऋतुजा आणि तिचे बाबा. बाबा फ्रान्समध्ये एका हॉटेलात कुक होते, त्यामुळे ऋतुजाची सगळी शाळा तिकडची. आता घर परत कोपरीत आलेलं. तिला ठाण्यातल्या या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी हवं होतं आणि यादीत नावही लागलेलं. आज पाचपर्यंत कागद पास झाले नाहीत, तर सीट वेटिंगवाल्याला जाणार होती.

मी फ्रेंचची भाषांतरं करते. रोजचं काम डोंबिवली एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या मशीनची मॅन्युअलं. तिथे शब्द चुकला तर व्हॉल्व्ह उडतो. इथलं भाषांतर मात्र माझं नव्हतं. बाबांनी मोबाइलच्या ॲपवर मार्कशीट इंग्रजीत करून घेतली आणि खिडकीत अडकल्यावर मला बोलावलं.

"ताई, खाली फक्त तुमची सही आणि शिक्का द्या," ते म्हणाले. मी कागद वाचला आणि सही दिली नाही.

ॲपने शब्द बरोबर लावले होते, घोळ तिथेच होता. फ्रान्समध्ये इयत्ता उलट्या मोजतात. त्यांची सहावी साधारण आपलीच सहावी. तिच्यानंतर येते पाचवी, मग चौथी, मग तिसरी. तिथून मोठी शाळा सुरू होते, तिला लिसे म्हणतात. लिसेतली दुसरी म्हणजे आपली दहावी, पहिली म्हणजे अकरावी. पुढे आकडेच संपतात, म्हणून बारावीला नाव तर्मिनाल, शेवटची. ॲपने लिहिलं सेकंड, फर्स्ट, टर्मिनल. आणि आपल्याकडे टर्मिनल म्हणजे सहामाही.

"उलटं कशाला मोजतात?" सावंत सर.

"शाळा किती उरली ते कळतं, सर."

"हां. पोरांच्या सोयीचं आहे." मग त्यांनी बोट खाली सरकवलं. "पण इथे बॅचलर्स डिग्री लिहिलंय. ग्रॅज्युएट झालेली मुलगी एफवायला कशाला?"

तिकडच्या बारावीच्या परीक्षेचं नाव बाकालोरेआ. लाडाने बाक. ॲपला त्यात बॅचलर दिसला. बाक म्हणजे आपली बारावी, असं सांगणारं समकक्षतेचं पत्र ऋतुजाने दिल्लीहून आणलेलं होतं. मी ते पुढे केलं.

"यात बाक, त्यात बॅचलर," सर म्हणाले. "मला दोन वेगळ्या परीक्षा दिसतात. बरं, साइड कुठली?"

"साइड नसते, सर."

बाक तीन प्रकारची. एक सर्वसाधारण, एक टेक्निकल, एक थेट धंदा शिकवणारी. ऋतुजाची सर्वसाधारण. तिच्यात आता आर्ट्स-सायन्स असे कप्पे नाहीत. अकरावीला तीन खास विषय घ्यायचे, बारावीला त्यातले दोन ठेवायचे. ऋतुजाने ठेवले फिजिक्स-केमिस्ट्री, आणि दुसरा 'जीवन व पृथ्वी विज्ञान'.

"हा भूगोल झाला."

"बायोलॉजी आहे, सर. बरोबर थोडे दगड."

"आणि फिलॉसॉफी? सायन्सला?"

"सगळ्यांना कंपल्सरी असतं, काका," ऋतुजा पहिल्यांदा बोलली. "चार तास लिहायचं."

"काय लिहिलंस चार तास?"

"नियम पाळणारा माणूस विचार करतो का, असा प्रश्न होता."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. तिचे सगळ्या विषयांचे सरासरी मार्क होते वीसपैकी तेरा. तिकडे दहाला पास, आणि बारापासून शेरा मिळतो. तिचा शेरा 'बऱ्यापैकी चांगली' असा, त्याचं ॲपने केलं 'इनफ गुड'.

"म्हणजे काठावर," सर म्हणाले. "मॅडमना भेटा."

व्हाइस प्रिन्सिपल मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला सहानुभूती आहे," त्या म्हणाल्या. "पण आम्ही कागदावरच्या शब्दावर चालतो."

खुर्चीतल्या माणसाला सहानुभूती असली की समजावं, काम होणार नाही. मीही शब्दावर चालायचं ठरवलं.

"मग बाहेरच्या पाटीचंही शब्दाला शब्द करते, मॅडम. पाटीवर कॉलेज लिहिलंय, आणि फ्रान्समध्ये कॉलेज, म्हणजे कोलेझ, ही सहावी ते नववीची शाळा. तुमचं तर ज्युनियर कॉलेजही आहे. ॲपच्या हिशेबाने तुम्ही तिथे सहावीच्या मुलांच्या डब्यांवर लक्ष ठेवता."

ऋतुजाच्या बाबांनी माझी ओढणी मागून ओढली. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"एका फ्रेंच युनिव्हर्सिटीशी आमची करारासाठी बोलणी चालू आहेत," त्या म्हणाल्या. "आपल्या कॉलेजची माहिती फ्रेंचमध्ये पाठवलीय त्यांना. उत्तरच येत नाहीये."

"भाषांतर कोणी केलं?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. दारात सावंत सर उभे होते.

"ॲप चांगलं आहे म्हणाले सगळे," ते म्हणाले.

हे मला नोंदवून ठेवायचं आहे. विद्यार्थ्याचा शब्द चुकला की ॲडमिशन जाते. संस्थेचा तोच शब्द चुकला की बोलणी चालू असतात.

बाहेरच्या बाकावर बसून मी मार्कशीट नव्याने इंग्रजीत केली. फ्रेंच नाव तसंच ठेवलं आणि शेजारी कंसात आपली इयत्ता लिहिली. बाकालोरेआ बाकालोरेआच राहिली, पत्रातल्या शब्दाशी जुळणारी. मग सही, शिक्का. खिडकीची फळी अर्धी खाली आली होती. सावंत सरांनी ती स्वतः वर उचलली आणि ऋतुजाचे कागद पास केले.

"दुसरी, पहिली, शेवटची," ते पुटपुटले. "आता लक्षात राहील."

माझ्या धंद्यातला धडा एवढाच. शब्दाचं भाषांतर करू नये, इयत्तेचं करावं.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला आणि कॉलेजची फ्रेंच माहिती मी नव्याने लिहून दिली. कोलेझ हा शब्द त्यात कुठेही येऊ दिला नाही. एका ठिकाणी ठेवायचा मोह झाला होता, मॅडमच्या हुद्द्यापाशी.