पडद्यावरचा चार

तिने टेबलावर आधी नोटीस ठेवली, मग वही. "वाचा," म्हणाली. बसा म्हणाली नाही.

सुरगाण्याच्या बाजूचं, डोंगरातलं आरोग्य केंद्र. मी नाशिकहून सकाळच्या एसटीने आले होते, लसींच्या फ्रिजचा कंट्रोलर तपासायला. तो आमच्या कंपनीचा. अंबडच्या एमआयडीसीत तो बनतो आणि प्रत्येक बोर्डाची शेवटची चाचणी मी करते. समोर उभी होती ती तिथली नर्स. लसींचा साठा तिच्या ताब्यात होता.

नोटिशीत म्हटलं होतं की साठा उष्णतेने खराब झाला, तरी वहीत रोज दोन्ही वेळा चार अंश तापमान लिहिलेलं आहे; म्हणजे नोंदी न बघता, बसल्या जागी केल्या आहेत. तीन दिवसांत खुलासा करावा.

"न बघता?" तिचा आवाज चढला. "रोज दोनदा वाकून बघितलंय मी. तुमच्या मशीनवर चार होतं, मी चार लिहिलं. आधी आत काचेचा थर्मामीटर होता. तुमचं डिजिटल आलं म्हणून तो काढून नेला."

आणि लस खराब झाल्याचं कळवलं कोणी? तिनेच. बुधवारी पाड्यांवरून बायका पोरं घेऊन आल्या होत्या. पोलिओची बाटली हातात घेतली तर लेबलवरच्या गोलातला फिकट चौकोन गडद झालेला, म्हणजे लसीला उष्णता लागलेली. दुसरी काढली, तीही तशीच. तिने एकाही पोराला थेंब दिला नाही, सगळ्यांना परत पाठवलं आणि तालुक्याला फोन केला. त्याचं उत्तर म्हणून ही नोटीस.

चौकशी होईपर्यंत फ्रिजला कोणी हात लावायचा नव्हता, म्हणून तो तसाच चालू ठेवलेला होता. पडद्यावर चार. मी आत माझा थर्मामीटर ठेवला. पारा तिशीच्या वर गेला. कॉम्प्रेसर गार, मुका. पडद्यावर चारच.

मला तेव्हाच कळलं. शोधायची गरजच नव्हती.

त्या बोर्डावर एक छोटी चिप असते. मुख्य प्रोसेसरवर पहारा ठेवणं हे तिचं काम. प्रोसेसरने ठरावीक वेळाने तिला "मी जागा आहे" असा इशारा द्यायचा. तो आला नाही की ती त्याला जबरदस्तीने पुन्हा चालू करते. याला वॉचडॉग म्हणतात. वीज गेली की हीच चिप मेमरीला बटणासारख्या सेलवर घेते, म्हणजे नोंदी पुसल्या जात नाहीत. हिवाळ्यात चाचणीच्या टेबलावर आमचे बोर्ड दिवसातून कितीदा तरी आपोआप रिसेट होत होते. याचा अर्थ सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर कुठेतरी अडकत होता, आणि वॉचडॉग तेच ओरडून सांगत होता.

प्रॉडक्शनचे साहेब आले. "डिलिव्हरी तोंडावर आहे. हे रिसेट बंद कर."

"सर, दोष रिसेटमध्ये नाही, आत आहे."

"जंपर काढ ना. सॉफ्टवेअरवाले बघतील नंतर."

जंपर म्हणजे नखाएवढा तुकडा. तो उपसला की वॉचडॉगचा संबंध तुटतो. मी उपसला. एकेका बोर्डावरचा, माझ्या हाताने. मग बोर्ड एकदाही रिसेट झाले नाहीत, आणि प्रत्येक कागदावर मी "पास" लिहून सही केली. साहेबांचा राग येतोच, पण त्या सहीचा जास्त येतो. कोणी माझा हात धरलेला नव्हता.

फोनला रेंज हवी म्हणून मी टेकाडावर चढले आणि साहेबांना सगळं सांगितलं.

"रिपोर्टमध्ये व्होल्टेज कमीजास्त झालं असं लिही. तिकडे लाइट जातेच. आणि मेमरी साफ करून ये."

"सर, तिला नोटीस आली आहे."

"आपल्याला आली आहे का?"

मी फोन ठेवला.

खाली येऊन मेमरी लॅपटॉपवर उतरवली. वीज कितीदा तरी गेली-आली होती, पण सेलने नोंदी जपल्या होत्या. शेवटची नोंद शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची, वीज परत आल्यानंतर लगेचची. त्यापुढे काही नाही. नंतर वीज गेली नव्हती, म्हणून यंत्र पुन्हा सुरू झालंच नाही; ते तिथेच थिजलं होतं, कॉम्प्रेसर बंद राहिला होता आणि पडदा तोच आकडा दाखवत राहिला होता.

सर्व्हिस रिपोर्टच्या तीन प्रती निघतात, एक ग्राहकाची. मी लिहिलं: "यंत्र शनिवारी दुपारी बंद पडले. पडद्यावरील तापमान खोटे होते. वॉचडॉग कंपनीने जोडलेला नव्हता. चाचणी मी केली होती." खाली सही. मेमरीतल्या नोंदी छापून त्याला जोडल्या.

नर्सने तो दोनदा वाचला. मला वाटलं, आता ती निवळेल. ती म्हणाली, "हा तालुक्याच्या साहेबांसाठी झाला. पाड्यावर लोकं काय बोलतात माहीत हाय? बाईनं लस सडवली. आता माझ्या हातनं पोराला टोचून घ्यायला कोणी येत नाय. चला, तुम्हीच सांगा त्यांना."

मी गेले. नागलीच्या शेतांमधून अर्धा तास चढण. एका अंगणात सात-आठ बायका जमल्या. मी माझ्या शहरी मराठीत सांगितलं की चूक यंत्राची होती, सिस्टरांची नव्हती. एकीने मला मधेच तोडलं, "मशीन काय आपल्या आपण आलं व्हतं का इथं?"

"नाही. मी पाठवलं होतं," मी म्हणाले.

उतरताना नर्स पुढे चालत होती, मी मागे.

नोटीस पुढे दप्तरी दाखल झाली. चुकलं, असं तिला कोणी लिहून दिलं नाही. कंपनीत साहेब माझ्यावर सगळ्यांदेखत ओरडले, "ग्राहकाला असं लेखी देतात का?" पण रिपोर्ट वर पोचला होता, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या दोघांना अखेर कामाला बसवलं. दोष सापडायला त्यांना दोन दिवस लागले. फक्त दोन दिवस! मग मी केंद्राकेंद्रांवर फिरून नवीन सॉफ्टवेअर घातलं आणि जंपर बसवले.

पुढच्या बुधवारी तिच्याकडे किती पोरं आली, हे मी फोन करून विचारलं. "तीन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.