दोन दिवस नुसतं वाचायला

वाचनालयाच्या जुन्या पुस्तकात हळदीच्या बोटाचा डाग दिसला की मला वणीतल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. त्या पोळ्या लाटता लाटता वाचायच्या, आज चार पानं, परवा दोन. एकदा काकू धरून वाचनालयातल्या आम्ही चौघींनी ठरवलं, दोन दिवस कुठेतरी जाऊन नुसतं वाचायचं. लग्न न झालेली मी एकटीच, म्हणून जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी जंगलाला लागून असलेलं एक टुमदार घर निवडलं. सागाची सावली, व्हरांड्यात झोपाळा, वणीसारखा कोळशाच्या ट्रकांचा आवाज नाही. काकू सोबत बघायला आल्या. झोपाळ्याकडे न पाहता त्यांनी राखणदाराला विचारलं, "इथं स्वयंपाक कोण करते?" तो म्हणाला, "तुम्हालेच करा लागन. गॅस आहे, भांडे आहेत." "मंग वापस चाल," काकू मला म्हणाल्या. मी हिरमुसले. शेवटी त्यांच्याच ओळखीनं ढाणकीजवळ एका बुद्धविहारामागच्या दोन साध्या खोल्या मिळाल्या. तिथल्या आजी म्हणाल्या, "तुम्ही वाचत बसा. स्वयंपाक झाला का मी आवाज देतो." दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी जाडजूड कादंबरी मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. कशी वाटली, मी विचारलं. "काय सांगू तुले," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच शेवट आला तवा सुरुवात ध्यानात होती." मला ते गमतीचं वाटलं, मी हसले. आता मला दोन लेकरं आहेत, एक कादंबरी दिवाळीपासून चालू आहे, आणि नायिकेचं नाव आठवायला दर वेळी मागची पानं उलटावी लागतात.