पडद्यावर मी बसलेलीच

माझी सून दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढते. पगार तिला वेगळ्या कामाचा मिळतो, पण सकाळचा वेळ ती यात घालवते. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटायचं, मुलगा नोकरी करतो आणि ही टाइप करत बसते. पुढे एकदा गवार मोडता मोडता मी तिला सरळ विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं.

कॉम्प्युटर चालवणारी एक यंत्रणा आहे, ती कुणा एका मालकाची नाही. जगातली माणसं ती थोडी थोडी लिहितात आणि लिहिलेलं सगळ्यांसमोर ठेवतात. कुणीही वाचावं. जाणती माणसं वाचून चुका सांगतात, त्याही सगळ्यांसमोर. समाधान झालं की खाली आपलं नाव घालतात, म्हणजे मी हे तपासलं. जाणत्या माणसाचं नाव लागल्याशिवाय लिखाण आत जात नाही. बाहेरून जोडायच्या प्रत्येक यंत्रासाठी असं लिखाण लागतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या सुनेकडे व्हिडिओ आत घेणाऱ्या खोक्यांचे ड्रायव्हर तपासायला येतात.

मी म्हटलं, "म्हणजे लोकांचं उणं काढायचं, आणि तेही फुकट."

ती म्हणाली, "हो आई. जमतं मला ते."

मुलगा इथंच नाशिकात, सातपूरला एका लहान कारखान्यात आहे. पत्र्याची शेड, पुढे मालकाची केबिन, मागे जोडणीची टेबलं. पूर्वी दुसऱ्यांचे सुटे भाग करून द्यायचे. मग मालकांनी स्वतःचं खोकं काढलं. पोटात नळी घालून डॉक्टर बघतात, त्या नळीच्या टोकाला कॅमेरा असतो. त्याचं चित्र हे खोकं कॉम्प्युटरला देतं, आणि डॉक्टर पडद्यावर बघतो. बाहेरच्या देशातून येणाऱ्या खोक्यापेक्षा हे लय स्वस्त. त्याचा ड्रायव्हर माझ्या मुलानं लिहिला. त्या मोठ्या यंत्रणेत तो एकदा घेतला गेला, की खोकं कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, चालणार. नाही घेतला, तर प्रत्येक दवाखान्यात माणूस पाठवून हातानं बसवावा लागणार. मालकांनी मुलाला सांगून ठेवलं होतं, हे झालं की या खोक्याचा सगळा विभाग तुझा.

हे काम त्यालाच का दिलं, ते मला आधीच कळलं होतं. मालक एकदा घरी आले, द्राक्षांची पेटी घेऊन. चहा पिता पिता सुनेला म्हणाले, "वहिनी, आता टेन्शन नाही आपल्याला. तपासणारं माणूस घरचंच आहे."

सून म्हणाली, "वाचून सांगते."

"वाचा की. आरामात वाचा." आणि हसले. मुलगाही हसला. सून हसली नाही. द्राक्षं गोड होती. आम्ही सगळ्यांनी खाल्ली, तिनंसुद्धा.

एका रविवारी सकाळी मुलानं खोकं घरी आणलं. सगळ्यांसमोर ठेवायच्या आधी बायकोला दाखवावं, काही बारीकसारीक असेल तर घरातच नीट करावं, असा त्याचा विचार. मला तो बरोबर वाटला. अजूनही त्यात वावगं काय ते मला कळत नाही. माझ्या माहेरी भाजीचा मळा होता. भाजी बाजारात न्यायच्या आधी किडकी पानं घरीच काढायची, यात लपवाछपवी कसली?

त्यानं एक छोटा कॅमेरा स्टँडला लावला, तो खोक्याला जोडला, खोकं कॉम्प्युटरला. कॅमेऱ्यापुढे मी होते, कारण मी जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत होते. पडद्यावर माझे हात, माझं तोंड. चित्र स्वच्छ होतं. माझ्या हनुवटीवरचा केससुद्धा दिसत होता.

"आई, जरा हसून बघ की," मुलगा म्हणाला.

"लसणाकडे बघून हसू?"

सून पडद्याकडे बघत होती. तिनं हात लांब करून कॅमेऱ्याची वायर खोक्यातून किंचित सैल केली, अगदी धक्का लागावा तशी. पडद्यावर काही फरक पडला नाही. मी सोललेला लसूण घेऊन उठले आणि ओट्याशी गेले. पाणी सोडलं, हात धुतले, पदराला पुसले आणि वळले. पडद्यावर मी टेबलाशी बसलेलीच होते. मान खाली, बोटांत लसणाची पाकळी.

मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, "हे काय, मी तर इथं उभी आहे."

सून म्हणाली, "तेच म्हणते. अहो, हे काय आहे?"

मुलानं वायर परत दाबून बसवली. पडद्यावरची मी गेले आणि रिकामी खुर्ची आली. तो म्हणाला, "सिग्नल तुटला की शेवटचं चित्र धरून ठेवतो. मुद्दाम केलंय ते. मालकांनी सांगितलं, पडदा काळा व्हायला नको. दाखवायला गेलं की एवढीशी वायर हलते, पडदा काळा होतो, डॉक्टर म्हणतात माल खराब आहे."

"मग डॉक्टरला कळणार कसं, की तो मघाचं चित्र बघतोय?"

"नळी हलवली की कळतं. चित्र हलत नाही ना."

"आणि नळी हलवली नाही, नुसतं बघत राहिला तर?"

"अगं, सेकंदभराची गोष्ट असते."

"तुम्ही वर एक ओळ दाखवा की चित्र थांबलंय. ड्रायव्हरनं कॉम्प्युटरला सांगायलाच पाहिजे, की आता काही येत नाही."

"ते नाही चालणार मालकांना."

एवढंच बोलणं झालं. आवाज कुणी चढवला नाही. मी भाजीला फोडणी घातली. पण त्या जेवणात दोघांनीही मीठ मागितलं नाही, आणि भाजी मी अळणी केली होती.

पुढच्या आठवड्यात मुलानं लिखाण सगळ्यांसमोर ठेवलं, ती गोष्ट तशीच ठेवून. आता सुनेनं काय ते करायचं होतं. ती सकाळी कॉम्प्युटर उघडायची, ते वाचायची आणि काही न लिहिता दुसऱ्या कुणाचं काढायची. मुलगा संध्याकाळी यायचा, बूट काढता काढता विचारायचा, "झालं का?" ती म्हणायची, "नाही."

मी तिला दुपारी गाठलं. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "नवऱ्याचं चुकलं तर घरात सांग. चारचौघांत कशाला?"

"घरात सांगितलं, आई. तुमच्यासमोरच सांगितलं."

"मग तू वाचूच नको ते. दुसरा कुणीतरी वाचेल. तुझं नाव नको आणि तुझा शब्दही नको."

तिनं कॉम्प्युटर मिटला आणि माझ्याकडे वळून बसली. म्हणाली, "दुसऱ्याला ते दिसणार नाही. त्याच्याकडे खोकं नाही. लिखाणात ती एकच ओळ आहे, वाचताना साधी वाटते. मलाही वाटली होती. मी वायर हलवली म्हणून मला कळलं. मी गप्प बसले तर कुणीतरी नाव घालेल आणि ते आत जाईल. मग ते जगभर गेलं."

"आणि तू बोललीस तर त्याची नोकरी जाईल."

"जाईलही."

"मग?"

"मग काय, आई. तेच तर रोज सकाळी बघत बसते मी."

मुलाशी मी वेगळं बोलले. त्याला म्हटलं, मालकांना सांग, बायको ऐकत नाही. तो म्हणाला, "काय सांगू? मी त्यांना शब्द दिलाय. आणि तिला मी विश्वासानं दाखवलं, आई. घरी आणून दाखवलं. नसतं आणलं तर तिला कळलंही नसतं. आता ती तेच माझ्यावर उलटवणार." हेही खोटं नव्हतं. मी दोघांचं ऐकून घेतलं. मला दोघांचंही पटलं, त्यामुळे माझा काही उपयोग झाला नाही.

शेवटी तिनं लिहिलं. लिहायच्या आधी मला वाचून दाखवलं, मराठीत करून. वर तिनं लिहिलं होतं, की हे लिहिणारा माणूस माझा नवरा आहे आणि यंत्र मी माझ्या घरी पाहिलं आहे, हे सर्वांना माहीत असावं. खाली लिहिलं होतं, की कॅमेऱ्याचा सिग्नल तुटला तरी हे यंत्र जुनं चित्र चालू असल्यासारखं देत राहतं. दवाखान्यात हे धोक्याचं आहे. हे बदलल्याशिवाय माझं नाव मिळणार नाही, आणि इतरांनीही घालू नये अशी माझी विनंती आहे. त्याचं नाव तिनं नुसतं लिहिलं होतं, पुढे काही नाही. घरात ती त्याला कधी नावानं हाक मारत नाही. मी विचारलं तर म्हणाली, तिथं सगळ्यांनाच असं लिहितात.

"त्याला सांगितलंस का, की आज लिहिणार?"

"हो. सकाळी सांगितलं."

"काय म्हणाला?"

"लिही म्हणाले. बूट घालत होते. वर बघितलं नाही."

त्या संध्याकाळी मुलगा घरी आला आणि सरळ जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी परदेशातल्या जुन्या जाणत्यानं उत्तर दिलं, की ही बाई म्हणते ते योग्य आहे, असं लिखाण घेता येणार नाही. विषय तिथं संपला. कारखान्यात संपला नाही. मालकांनी मुलाला केबिनमध्ये बोलावून म्हटलं, "तुझ्या घरातनंच माझा गळा कापला गेला." नोकरी काढून घेतली नाही. मालक तसा वाईट माणूस नाही. शेडचं भाडं आहे, पोरांचे पगार आहेत, तोही कुठून कुठून जमवत असतो. विभाग मात्र दुसऱ्याला दिला.

सुनेनं एकदा म्हणून बघितलं, "मी दुरुस्त करून देते, तुमच्याच नावानं पाठवा." मुलगा म्हणाला, "तुझं नाव मिळवायला तूच लिहिणार का?" ती परत बोलली नाही.

मला वाटलं होतं, निदान ते खोकं तरी आता बंद होईल. तसं झालं नाही. मोठ्या यंत्रणेत घेतलं नाही म्हणून विकायला बंदी नव्हती. जुन्याच ड्रायव्हरसकट ते विकलं जातं, फक्त माणूस जाऊन बसवून येतो. तो माणूस म्हणजे माझा मुलगा. विभाग दुसऱ्याकडे गेला आणि बॅग याच्या खांद्यावर आली. कधी मनमाड, कधी इगतपुरी, कधी आणखी आतल्या गावचा लहान दवाखाना. जिथं महागाचं खोकं परवडत नव्हतं तिथं आता नळीची तपासणी होते, हेही खरं आहे. गावातल्या माणसाला नाशिकपर्यंत यावं लागत नाही. हे मुलानं मला सांगितलं, सून ऐकेल एवढ्या आवाजात.

गेल्या आठवड्यात तो सटाण्याला निघाला होता. सकाळी बॅगेत पेन ड्राइव्ह टाकत होता, सून त्याचा डबा भरत होती. मी चहा घेत बसले होते. बरेच दिवस माझ्या मनात होतं ते मी विचारलं.

"बसवून देतोस तेव्हा डॉक्टरला सांगतोस का, की चित्र थांबू शकतं म्हणून?"

"सांगतो."

"काय सांगतोस?"

"शंका आली तर नळी हलवून बघा. वायर तपासा."

"प्रत्येकाला?"

त्यानं बॅगेची चेन लावली. ती नीट लागत होती, तरी परत उघडून लावली. मग म्हणाला, "मालक बरोबर नसले की सांगतो."

सुनेचा हात डब्याच्या झाकणावर होता. तिनं झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. त्या दोघांचं आता कामाबद्दल बोलणं होत नाही, पण त्या दिवशी तिनं विचारलं.

"आज मालक बरोबर आहेत?"

"आहेत," तो म्हणाला. "गाडी त्यांचीच आहे."

खाली हॉर्न वाजला. तो गेला. सून खिडकीशी जाऊन गाडी वळेपर्यंत उभी राहिली, आणि मग येऊन कॉम्प्युटरपुढे बसली. मी तिच्यापुढे चहा ठेवला. तिनं त्या सटाण्याच्या दवाखान्याचा फोन नंबर शोधून काढला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी तिला लाव म्हटलं नाही. लावू नको असंही म्हटलं नाही.