बिबड्यांचा वास

माझं नाक लहानपणापासून तिखट. एरंडोलला माहेरी दूध नासणार हे आईच्या आधी मला कळायचं आणि त्याचं कौतुक व्हायचं. लग्न होऊन धुळ्याला आले आणि त्याच नाकाला सगळे ‘नाक मुरडणं’ म्हणू लागले. मग मी तोंड मिटून घ्यायला शिकले. वास आला तरी गिळायचं. लग्नाला चार वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. अशा सुनेने नाक मुरडू नये, एवढी अक्कल मला होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई बिबड्या भाजत होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. बिबड्या म्हणजे उन्हाळ्यात आम्ही दोघींनी गच्चीवर घातलेले ज्वारीचे पापड. पहिला तुकडा तोंडात गेला आणि मला उमळून आलं. पावसात भिजून घरातच वाळलेल्या पोत्यासारखा वास.

“अक्का, कुबट वास येस हाई बिबडीले,” मी बोलून गेले.

नवऱ्याने दुसरी बिबडी उचलली. सासरे म्हणाले, “हिनं नाक भलतं तिखट शे.” अक्कांनी मात्र चिमटा खाली ठेवला आणि मला आत नेलं.

“कितला दिन व्हयनात?” त्यांनी हळूच विचारलं.

पाळी सहा दिवस लांबली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. चार वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुलीवर खापर ठेवलं आणि माझ्या एकटीसाठी पुरणाचे मांडे केले. मनात मांडे खाणारे पुष्कळ असतात, आमच्याकडे ते ताटातही आले. मी खाल्ले. छान लागले, कसलाही वास नाही. तिथेच मला शंका आली.

कारण मांड्याची कणीक पत्र्याच्या डब्यातली होती. बिबड्या नव्या पेटीत होत्या. यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्यांची ती पेटी सासऱ्यांनी उन्हाळ्यात सुताराकडून करून घेतली होती. अक्का बाहेर गेल्या की मी पेटीचं झाकण उघडून हुंगायचे. बिबड्यांना वास, शेवयांना वास, उडदाच्या पापडांना वास. डब्यातल्या ज्वारीला काही नाही. डोहाळे काय पेटी बघून लागतात? मला कळत होतं. तरी शेजारच्या काकूंना बिबडी नेऊन दिली. त्यांनी मिटक्या मारत खाल्ली, तेव्हा मला केवढं बरं वाटलं! म्हणजे वास बिबडीत नाही, माझ्यात आहे. तो माझ्यातच असावा म्हणून मी देवाला हात जोडत होते.

औषध मारलेल्या लाकडावर बुरशी धरली की असा वास सुटतो, तो इतका थोडा असतो की एकाला येतो आणि दुसऱ्याला येत नाही, हे मी खूप पुढे वाचलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर कान झाकून घेतले असते.

अक्कांनी मला हंडा उचलू देणं बंद केलं. एरंडोलला निरोप धाडायचं त्या बोलू लागल्या. मी ‘थोडं थांबा’ म्हणायचे आणि मोरीत गेले की दर वेळी आधी कपडे तपासायचे.

पाळी लांबल्याच्या तेराव्या दिवशी सकाळी मोरीतून आले ते थेट कोपऱ्यात घोंगडीवर जाऊन बसले. त्या घरात पाळी आली की दूर बसायचं, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही. अक्का देवापाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं, पुन्हा देवाकडे वळल्या. माझं ताट त्यांनी दर महिन्यासारखं लांबून सरकवलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन अंगणात आले. पेटी उन्हात पालथी घातलेली होती. बिबड्या अक्कांनी गाईपुढे टाकल्या होत्या आणि गाय हुंगून मागे सरली होती.

मला रडू फुटलं. “अक्का, वास पेटीलेच व्हता. माले ठाऊक व्हतं,” मी म्हणाले.

अक्का खाली बसून बिबड्या गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माले बी येत व्हता. पहिल्या दिनपासून. पन मन म्हने, तुलेच येत ऱ्हाऊ दे.”

मी त्यांच्याशेजारी बसले आणि बिबड्या गोळा करू लागले.