मुठीची चिमूट

दवनीवाड्यात पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा जागेश्वर भित्रा आहे, हे त्याच्या दुकानात पहिल्यांदा आलेल्या माणसालाही कळतं. वायरीला टेस्टर लावतो. टेस्टर पेटत नाही, तरी मेन स्विच बंद आहे ना ते पाहून येतो. पुन्हा टेस्टर लावतो, आणि मग उलट्या हाताचं बोट तापल्या तव्याला टेकवावं तसं टेकवून बघतो. जळालेला पंप घेऊन ताटकळलेली माणसं म्हणतात, जागू, करंटच तुले भेऊन राहिला. तोही हसतो. कुत्र्याला भितो, विजा कडाडल्या की भितो, आणि चारचौघांत उभं राहून बोलायलाही भितो.

असा माणूस रविवारी दुपारी पडवीत बसून राक्षस सोडायचा. नागपूरला कंपनीत होता तेव्हा खोलीतल्या पोरांनी त्याला एक खेळ शिकवला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, कोणी तलवारवाला, कोणी मांत्रिक. आणि वार लागला की हुकला ते फाशांनी ठरवायचं. गावी परतल्यावर जागेश्वरनं तो खेळ आपल्या मातीत लावला. किल्ल्यांच्या जागी तलावाची पाळ आली, आग ओकणाऱ्या सापाच्या जागी तलावातली मगर आली. ओमेश आणि आणखी दोघे खेळायला यायचे. गोष्ट सांगताना जागेश्वरचा आवाज असा भरायचा, की आत धान पाखडणारी त्याची आई निर्मलाबाई सूप थांबवून ऐकायची.

घोडं अडलं ते एका फुटकळ मंत्रावर. नवशिक्या मांत्रिकाला एक छोटा मारा लागतो, कितीदाही करता येईल असा. तो अगदीच मऊ ठेवला तर मांत्रिकवाला जांभया देत बसतो. कडक ठेवला तर तलवारीला कोणी हात लावत नाही. जागेश्वरनं त्याचं नाव ठेवलं मूठ. त्या मुलखात मूठ म्हणजे काय ते पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. कोणी मंतरलेल्या दाण्यांची मूठ मारली की माणूस अंथरुणाला खिळतो, म्हणतात. जागेश्वर लहानपणी त्या गोष्टी ऐकून अंगणात एकटा जात नसे. ज्याची भीती तेच खेळायला घेतलं, एवढंच. फाशांऐवजी कुंकू लावलेले तांदूळ. पाटावर खडूचं रिंगण काढायचं, तांदूळ टाकायचे, रिंगणात पडतील तितक्या जखमा.

पण ओमेश गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती उचलणारा. त्याची मूठ म्हणजे पायली. जी मगर पुढचे कित्येक रविवार पुरायची, ती त्यानं पहिल्याच फेकीत मारली. म्हणून त्या रविवारी सगळी दुपार मंत्र बारीक करण्यात गेली. रिंगण ताटाएवढं होतं ते वाटीएवढं केलं, तरी जास्त. मुठीची चिमूट केली, तेव्हा कुठे दोन-तीन जखमांवर आलं. मगर म्हणून मध्ये लिंबू ठेवलं होतं. लागलेल्या जखमा ध्यानात राहाव्यात म्हणून ओमेशनं त्यात टाचण्या खोचायला सुरुवात केली. जागेश्वर म्हणाला, हे नको गा. ओमेश म्हणाला, निंबूले काय समजते बे? तिघं हसले, आणि जागेश्वरनं पुढची चिमूट भरली.

संध्याकाळी पडवीभर लाल तांदूळ. निर्मलाबाईनं ते केरात टाकले नाहीत. अन्न, त्यातून कुंकवाचं, म्हणजे अक्षताच; पायाखाली येऊ नयेत म्हणून सुपात भरून कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली चिमण्यांना टाकून आली. नेहमी तिथंच टाकते. आणि ओमेशनं गाडीवरून जाता जाता ते टाचण्यांचं लिंबू त्याच झाडाच्या बुडाशी भिरकावलं.

कडुनिंबाच्या एका अंगाला अनुसयाबाईचं घर, समोर श्यामलालचं. अनुसयाबाई विधवा, एकटी, काविळीवर पाला देणारी, तोंडाची तिखट. श्यामलालची मुलगी रविवारपासून तापानं फणफणलेली.

सोमवारी एक गिऱ्हाईक पंप ठेवता ठेवता सहज सांगून गेलं, की अनुसयाबाईनं श्यामलालच्या टुरीवर मूठ मारली, दारासमोर लाल तांदूळ न् टाचण्यांचं निंबू सापडलं, आता तिले पाहून घेऊन राहिले. जागेश्वरच्या हातातली तांब्याची तार सुटली आणि गरगरत उलगडत गेली. ती त्यानं गोळा केली नाही. ओमेशला फोन लावला. मिलच्या घरघराटात तो कुठला उचलतो. पोलिसांना करावा म्हणून आकडे दाबले, आणि काय सांगायचं ते न सुचून खोडले. गावात एकदा मुठीच्याच संशयावरून एका बाईला मारलेलं त्यानं पोरपणी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. त्या बाईचं फुटलेलं कपाळ अजून त्याच्या डोळ्यांपुढे येई. दुकानाला कुलूप न लावताच तो निघाला. सबंध वाटभर वाटत होतं, आपण पोचायच्या आत होऊन गेलेलं बरं. त्या विचाराचीच त्याला अशी भीती वाटली, की तो पळायला लागला.

अजून काही झालं नव्हतं. अनुसयाबाई ओट्यावर दाराला पाठ लावून बसली होती. तिच्यापुढे माणसांचं कडं. श्यामलालच्या हातात बांबू. बाया लांब उभ्या होत्या, त्यांत निर्मलाबाई, तोंडाला पदर लावून.

"निंबू कोनाचं, सांग," श्यामलाल म्हणत होता.

जागेश्वर कड्यातून वाट काढत पुढे आला. "ते माझं हाय, श्यामलाल भाऊ. तांदूळ बी माझेच."

सगळी तोंडं वळली. चारचौघांत बोलायला उभं राहिलं की जे होईल असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं, ते हेच.

तो सांगू लागला. खेळ आहे, मंत्र खेळातला आहे. मूठ मारली तर मगरीला मारली. कोणीतरी विचारलं, किती लागते त्या मुठीनं? आणि हा बाबा खरं सांगत सुटला. आधी जास्त लागत होती, ओमेशनं एका फटक्यात मगर मारली, म्हणून कालची सगळी दुपार बसून आपण ती कमी केली, आता दोन-तीनच जखमा होतात. जसजसा बोलत गेला तसतसं कडं अनुसयाबाईला सोडून त्याच्याभोवती आवळलं.

"पाहा," मागून एक जण म्हणाला, "कबूल करून राहिला."

तेवढ्यात बायांतून निर्मलाबाई पुढे आली. निंबाखाली तांदूळ मी टाकले, चिमण्यांसाठी, म्हणाली. श्यामलालनं राग एका माणसावर धरून ठेवला होता, तो आता तिघांत वाटला गेला. शेवटी तो म्हणाला, "खेळच असंन, तं टाक मूठ आपल्या मायवर. सगळ्याइच्या समोर."

अनुसयाबाई एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. "मले मूठ येत असती, तं तुमी इतकी वर्सं माह्या दारावरून चालत गेले असते का रे?"

बांबू होता तिथंच होता.

निर्मलाबाई स्वतः निंबाखाली गेली, चिमण्यांनी शिल्लक ठेवलेले तांदूळ वेचून आणले आणि मुलाच्या तळहातावर ठेवले. तिची बोटं गार होती. ती मूठ मानते, हे जागेश्वरइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या गोष्टी तिनंच त्याला सांगितल्या होत्या. आपण या मंत्राला कसा तासून तासून बारीक केला, हे त्याला माहीत होतं. त्यात काही नाही, कधी नव्हतंच, हेही माहीत होतं. तरी हात उचलेना. टेस्टर पेटत नव्हता, आणि बोट पुढे होत नव्हतं.

"टाक, बापू," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

त्यानं मुठीतले निम्मे दाणे खाली सोडले, चिमूट केली आणि टाकली. दाणे तिच्या पदरावरून घरंगळले. सवयीनं त्याचे डोळे मोजायला गेले. दोन तिच्या खांद्यावर अडकले होते.

"दोन," त्याच्या तोंडून निघालं.

"दोन म्हंजे?" श्यामलाल एकदम मागे सरकला.

"दोन जखमा. खेळात साध्या मान्साले बारा जीव असतेत. दहा राहिले."

कोणीतरी फिसकन हसलं. निर्मलाबाई उभी होती. थोडा वेळ सगळे ती पडते का ते पाहत राहिले. ती पडली नाही. मग समोरच्या दारातून श्यामलालची बायको सुशिलाबाई मुलीला खांद्यावर टाकून बाहेर आली. "टुरी आगीवानी तापून राहिली न् तुमी तांदूळ मोजून राहिले," ती म्हणाली. "गाडी काढा."

श्यामलालनं बांबू भिंतीला टेकवला आणि गाडी काढली. गोंदियाच्या दवाखान्यात मलेरिया निघाला. मुलगी काही दिवस सलाईनवर राहिली आणि बरी होऊन घरी आली.

पण ते पुढे. त्या दिवशी कडं फुटलं तरी माणसं घरी जाताना निर्मलाबाईकडे वळून वळून बघत होती. अनुसयाबाईनं आत जाऊन कडी लावली आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत काढली नाही. ओमेश संध्याकाळी आला, ओट्याबाहेर उभा राहून बंद दाराला म्हणाला, काकू, माहं चुकलं. मंत्र ठेवायचा की काढायचा, हे त्यानं जागेश्वरला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मलाबाई चुलीपुढे बसून भाजीला फोडणी देत होती. जागेश्वर दुकानात जायला निघाला होता. चपलेत एक पाय घातलेला. आतून आई खोकली. पुन्हा खोकली. मग अशी ढास लागली की थांबेना. एक चप्पल पायात तशीच घेऊन तो आत धावला आणि चौकटीला धरून उभा राहिला.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं पदरानं नाक पुसलं, त्याच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"मिरचीचा ठसका होय," ती म्हणाली. भाजीत उलथनं फिरवलं. त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "दहा हायेत ना अजून?"

"हायेत, माय," जागेश्वर म्हणाला, पण चौकट त्यानं सोडली नाही.