सलाईनवरचा पहारा

माझ्या मेहुण्याइतका भित्रा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही, असं मी वर्षानुवर्षं हसत सांगत आलो. बायकोच्या पायाच्या हाडात पू झाला आणि डॉक्टरांनी दंडात सुई ठेवून तिला जळगाव जामोदला घरी पाठवलं, तेव्हा हा तिचा धाकटा भाऊ, निवृत्त एस.टी. कंडक्टर, चिखलीहून पिशवी घेऊन आला आणि त्यानं आमच्या घराची एस.टी. गाडी करून टाकली. नर्सबाई रोज येऊन सलाईनमधून औषध लावून जात. पुढचा कारभार त्याचा. सुईच्या पट्टीखाली घाण गेली तर ती थेट रक्तात जाते, एवढं एक वाक्य डॉक्टरांकडून ऐकून त्याची झोपच उडाली होती. फ्रिजमधलं लोणचं बाहेर, औषध आत. बाटलीवरचं नाव आणि तारीख तो तिकीट तपासल्यासारखी मोठ्यानं वाचायचा, वर नर्सबाईंनाही वाचायला लावायचा. पाहुण्यांच्या हाती अंगणातच साबण. मी जरा कुणाशी बोललो की ओरडायचा, "भाऊजी, गप्पा काऊन हाकून राह्यले? थेंबाकडे पाहा!"

एकदा माझी थोरली बहीण शेगावहून अंगारा घेऊन आली. चिमूट धरून ती सुईकडे वळली, तसा हा आडवा झाला.

"अक्का, कपाळाले लावा. पट्टीले नोका लावू."

"तू कोण बे मले शिकवणारा?" म्हणत ती चहा न घेता निघून गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आंघोळीला गेला आणि बायकोचा डोळा लागला, तेव्हा मी पट्टीचा कोपरा उचलला आणि अंगारा लावला.

दुसऱ्या दिवशी सलाईन चालू असतानाच बायकोला अशी हुडहुडी भरली की पलंग हलू लागला. त्यानं आधी सलाईन बंद केलं, सुई उपटायला निघालेला माझा हात धरला, डॉक्टरांना फोन लावला आणि जीप आणली. दवाखान्यात डॉक्टर कडाडले, "ही पट्टी कुणी उघडली?" पट्टीखाली राखाडी डाग होता. मेहुण्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"म्याच, साहेब."

बाहेर मी काही बोलणार, तर म्हणाला, "राहू द्या. माह्या बहिणीले तुमच्याच भरोशावर राहायचं आहे."

बायको वाचली, हिंडूफिरू लागली. पण नातेवाइकांत तो 'एवढं सोवळं पाळून स्वतःच घाण करणारा' ठरला, आणि त्या हशात मीही हसत राहिलो. पट्टी मी उघडली होती. परवा बायकोला सांगितलं. तिनं भावाला फोन लावून, जेवला का, एवढंच विचारलं.

अजूनही तो आला की अंगणातच थांबतो, कोपरापर्यंत हात धुतो आणि मगच बहिणीजवळ जातो. पोरं हसतात. पाणी मी ओततो. तांब्या संपला तरी त्याचे हात पुढेच असतात. मी पुन्हा भरून आणतो.